नवी मुंबई प्रकल्पग्रस्तांचे आंदोलन

नवी मुंबई प्रकल्पग्रस्तांचे आंदोलन हे नवी मुंबई शहर व न्हावा-शेवा बंदर यांसाठी झालेल्या भूसंपादनाविरुद्ध पनवेल, उरण आणि ठाणे तालुक्यांतील शेतकरी व मच्छीमारांनी उभारलेले आंदोलन आहे. पनवेलचे आमदार व नंतर खासदार राहिलेले शेतकरी कामगार पक्षाचे नेते दि. बा. पाटील (१९२६–२०१३) यांनी त्याचे नेतृत्व केले. शासनाला जमीन घेण्याचा कायदेशीर अधिकार असला, तरी त्याचा वापर बाधितांना न्याय्य वाटतो का, हा अधिमान्यतेचा प्रश्न या आंदोलनाच्या मुळाशी आहे.

पार्श्वभूमी

या परिसरातील खाडीकाठच्या गावांत प्रामुख्याने आगरी, कोळी व कराडी समाजांची, तर डोंगराळ भागात कातकरी व ठाकूर आदिवासींची वस्ती आहे. भातशेती, मिठागरे आणि मासेमारी ही येथील उपजीविकेची पारंपरिक साधने होत. बांध घालून खाडीचे पाणी अडवायचे आणि खारजमीन लागवडीखाली आणायची, हे काम येथील कुटुंबांनी पिढ्यान्‌पिढ्या केले. शासनाच्या अधिकाराला आव्हान देण्याची परंपराही येथे जुनी आहे. २५ सप्टेंबर १९३० रोजी चिरनेर येथे जंगल सत्याग्रहात पोलिसांनी गोळीबार केला होता.

मुंबईवरील लोकसंख्येचा भार हलका करण्यासाठी खाडीपलीकडे नवे शहर वसवावे, अशी कल्पना चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता व शिरीष पटेल यांनी १९६५ मध्ये मांडली. तिच्या अंमलबजावणीसाठी १७ मार्च १९७० रोजी शहर व औद्योगिक विकास महामंडळाची (सिडको) स्थापना झाली. सुमारे ३४४ चौरस किलोमीटरच्या नियोजित क्षेत्रात ९५ गावांचा समावेश होता.

भूसंपादन व आक्षेप

भूसंपादन १८९४ च्या ब्रिटिशकालीन कायद्यानुसार झाले. सार्वजनिक प्रयोजन कोणते हे शासन ठरवत असे. जमीनमालकाला हरकत नोंदवता येई आणि मोबदला वाढवून मागता येई, मात्र त्याच्या संमतीची आवश्यकता नव्हती. मोबदला शेतजमिनीच्या तत्कालीन दराने मिळे. तीच जमीन विकसित करून भूखंडांच्या रूपाने विकायची आणि त्या उत्पन्नातून शहर उभारायचे, अशी सिडकोची आर्थिक रचना होती. या वाढीव मूल्यात आपलाही वाटा असावा, अशी शेतकऱ्यांची मागणी होती. ज्यांच्या नावावर सातबारा नव्हता, अशा मिठागर कामगार व मच्छीमारांच्या उपजीविकेचा मोबदल्याच्या हिशेबात फारसा विचार झाला नाही.

१९८४ चा गोळीबार

१६ व १७ जानेवारी १९८४ रोजी उरण तालुक्यात आंदोलकांवर पोलिसांनी केलेल्या गोळीबारात पाच शेतकरी मृत्युमुखी पडले. जासई येथे दरवर्षी त्यांना अभिवादन केले जाते.

पुढे शासनाने १९९० व १९९४ च्या निर्णयांद्वारे संपादित जमिनीच्या १२.५ टक्के विकसित भूखंड मूळ मालकांना देण्याचे धोरण स्वीकारले. सार्वजनिक सुविधांसाठीची कपात वजा जाता प्रत्यक्षात ८.७५ टक्के क्षेत्र हाती येते. नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळासाठी २०१४ मध्ये हे प्रमाण २२.५ टक्के ठेवण्यात आले.

अधिमान्यतेचा प्रश्न

समाजशास्त्रज्ञ मॅक्स वेबर यांनी सत्तेच्या अधिमान्यतेचे पारंपरिक, दिव्यवलयी आणि कायदेशीर-विवेकनिष्ठ असे तीन प्रकार सांगितले. १९७० च्या दशकातील भूसंपादन तिसऱ्या प्रकारावर आधारलेले होते. परंतु केवळ कायद्याच्या आधारे त्याला लोकमान्यता मिळाली नाही. जमीनधारकांना विकासात वाटा देण्याचे तत्त्व स्वीकारल्यावरच काही प्रमाणात तडजोड शक्य झाली. देशभरातील अशा संघर्षांनंतर आलेल्या २०१३ च्या भूसंपादन कायद्यात सामाजिक परिणामांचे मूल्यांकन, पुनर्वसन आणि ठरावीक प्रकल्पांसाठी बाधितांची संमती यांची तरतूद झाली.

स्थानिक व नवागत

स्थानिक लोक स्वतःला ‘भूमिपुत्र’ म्हणवतात. ही संज्ञा कायद्यातील ‘अनुसूचित जमाती’ या संज्ञेशी समानार्थी नाही. आगरी समाज इतर मागासवर्गात मोडतो. नव्या वसाहतींतील रहिवाशांची तुलना ऑस्ट्रेलियासारख्या देशांतील वसाहतकारांशीही करता येत नाही. तेथे मूळ रहिवाशांचा जमिनीवरील हक्कच नाकारला गेला होता व १९९२ च्या माबो खटल्यात न्यायालयाने तो मान्य केला. नवी मुंबईत मूळ मालकी मान्य करूनच ती संपादित केली गेली. नवागतांनी घरे रीतसर विकत घेतली असल्याने स्थानिकांचा वाद मुख्यतः शासनाशी व सिडकोशी राहिला.

तरीही दोन्ही गटांच्या स्थितीतील तफावत ठळक आहे. गावठाणांचा वेळीच विस्तार न झाल्याने वाढत्या कुटुंबांनी आपल्याच पूर्वीच्या जमिनीवर बांधलेली घरे ‘अनधिकृत’ ठरली. स्थानिक भाषेत त्यांना ‘गरजेपोटी बांधलेली घरे’ म्हणतात. ती नियमित करण्याची मागणी अनेक वर्षे चालू राहिली आणि शासनाने त्यासाठी वेळोवेळी निर्णय जाहीर केले. १ ऑक्टोबर २०१६ रोजी स्थापन झालेल्या पनवेल महानगरपालिकेत खारघर, कामोठे, कळंबोली यांसारखे सिडको विभाग व जुनी गावे एकाच प्रशासनाखाली आली.

विमानतळाचे नामकरण

विमानतळाला दि. बा. पाटील यांचे नाव द्यावे, या मागणीसाठी १० जून २०२१ रोजी मानवी साखळी करण्यात आली आणि २४ जूनला बेलापूर येथील सिडको भवनावर मोर्चा काढण्यात आला. २०२२ मध्ये राज्य विधिमंडळाने या नावाची शिफारस करणारा ठराव संमत केला. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी विमानतळाचे उद्घाटन झाले.