विश्लेषण : चर्चमधले ‘लहान ख्रिस्ती समूह’ नेमकं काय करतात?

रविवारच्या मिस्साला ५०० माणसं असतील, तर तीन आठवडे न आलेली आजी कुणाच्या लक्षात येणार? कॅथलिक चर्चमधले ‘लहान ख्रिस्ती समूह’ याच प्रश्नावर काम करतात.

लॅटिन अमेरिकेत १९६०च्या दशकात असे समूह वाढले. पूर्व आफ्रिकेतल्या बिशपांनी १९७०च्या दशकात त्यांना प्राधान्य दिलं. १९९० मध्ये इंडोनेशियातल्या बांडुंग इथे आशियाई बिशपांनीही हीच दिशा धरली. मुंबईतल्या अनेक पॅरिशमध्ये आज असे समूह आहेत.

रचना साधी आहे. शेजारची काही कुटुंबं आळीपाळीने एकमेकांच्या घरी जमतात. दक्षिण आफ्रिकेतल्या लुम्को संस्थेची सात पायऱ्यांची पद्धत बऱ्याच ठिकाणी वापरतात: प्रार्थना, शुभवर्तमानाचं वाचन, त्यातले मनाला भिडलेले शब्द पुन्हा म्हणणं, शांतता, मग प्रत्येकाने मनात आलेलं सांगणं. इथे वाद घालायचा नाही, उपदेशही नाही. सहाव्या पायरीवर कामाचं बोलायचं. आजीला दवाखान्यात कोण नेणार? नोकरी गेलेल्याच्या घरी कोण जाणार, कधी? सातवी पायरी पुन्हा प्रार्थनेची.

खरी कसोटी सहावीच. ती गाळली की उरते आणखी एक प्रार्थनासभा, आणि चहा.

दुसरी अडचण जवळिकीतूनच येते. कर्ज किंवा नवऱ्याची दारू याबद्दल विश्वासाने सांगितलेलं दुसऱ्या दिवशी चाळभर झालं, तर ती बाई पुन्हा तोंड उघडणार नाही. म्हणून इथलं बोलणं इथेच ठेवायचं, हे पहिल्याच बैठकीत स्पष्ट सांगावं लागतं.