शंभर स्पंदनांचा हिशेब

ट्यूबलाइटच्या प्रकाशात केलेल्या चित्रणात पांढऱ्या भिंतीवरून काळपट, किंचित पिवळसर आडवे पट्टे सरकताना दिसतात, किंवा सगळे दृश्यच क्षणाक्षणाला उजळते आणि मंदावते, तेव्हा चित्रण करणाऱ्याला पहिला संशय कॅमेऱ्याचा येतो. प्रत्यक्षात हा दिव्याचा ताल आणि कॅमेऱ्याचा ताल यांचा मेळ न बसल्याचा परिणाम असतो.

भारतातील वीजप्रवाह सेकंदाला 50 आवर्तने पूर्ण करतो आणि प्रत्येक आवर्तनात तो दोन्ही दिशांना एकेकदा कमाल होत असल्याने, लोखंडी गाभ्यावर तार गुंडाळलेल्या जुन्या चोकवर चालणारी नळी सेकंदाला 100 वेळा उजळते. साध्या बल्बची तार मधल्या वेळात तापलेलीच राहते, म्हणून तिचा प्रकाश फारसा हलत नाही. नळीतील पाऱ्याची वाफ मात्र प्रवाहामागोमाग लगेच मंदावते, आणि तिच्या अतिनील किरणांचे दृश्य प्रकाशात रूपांतर करणाऱ्या आतल्या लेपातील निळा घटक इतरांपेक्षा लवकर विझत असल्यामुळे पट्ट्यांना पिवळट झाक येते. डोळ्याला हे कळत नाही. पण कारखान्यात फिरते लेथ याच स्पंदनांमुळे थांबल्यासारखे भासू शकते, म्हणून तेथील नळ्या तीन फेजांवर विभागून लावण्याची पद्धत आहे.

कॅमेऱ्याच्या बाजूने महत्त्वाचा आहे तो शटरचा काळ, म्हणजे एका चित्रचौकटीसाठी प्रकाश गोळा होण्याचा वेळ. तो 1/50 सेकंद असेल तर त्यात दोन स्पंदने पूर्ण मावतात, 1/100 असेल तर एक, आणि मोजणी कोठूनही सुरू झाली तरी बेरीज तीच येते. 1/60 सेकंदात मात्र एक पूर्ण आणि दुसऱ्याचा सुमारे दोन-तृतीयांश भाग येतो, त्यामुळे आरंभ कोठे झाला यावर उजेड ठरतो. सेकंदाला 30 चौकटी घेणाऱ्या मोबाइलमध्ये ही चूक दर तीन चौकटींनी, म्हणजे सेकंदाला 10 वेळा, पुन्हा येते. 24 चौकटींवर ती सेकंदाला चारदा येते आणि अधिकच बोचते. त्यातच आजच्या बहुतेक कॅमेऱ्यांचा संवेदक चित्राच्या ओळी एकामागून एक टिपतो, म्हणून वरची ओळ उजेडात आणि खालची मंद प्रकाशात सापडते, व पट्टे उमटतात.

सेकंदाला 25 चौकटी ठेवल्या की प्रत्येक चौकटीच्या वाट्याला बरोबर चार स्पंदने येतात, म्हणून शटर चुकले तरी पट्टे जागीच राहतात आणि दोष लपून जातो. पण वीजजाळ्याची वारंवारता अगदी 50 वर स्थिर नसते; ती 49.95 झाली की पट्टा दहा सेकंदांत एक पूर्ण सरक घेतो, आणि हा संथ दोष घाईच्या तपासणीत हमखास सुटतो.

उपाय साधा आहे: चौकटी 24 असोत, 25 असोत की 30, शटर हाताने 1/50 वर बांधून ठेवावे. शटर कोनात मोजणाऱ्या सिनेकॅमेऱ्यात 24 चौकटींसाठी हाच काळ 172.8 अंशांनी मिळतो. उजेड जास्त झाला तर आयएसओ उतरवावा, भिंगाचे छिद्र लहान करावे किंवा काळी काच लावावी. शटरला हात लावू नये. अमेरिकेत वीज 60 हर्ट्झची असल्याने तेथे 1/60 योग्य ठरते, म्हणून तिकडून आलेल्या कॅमेऱ्यातील फ्लिकरचा पर्याय 50 वर आणून घेणे आवश्यक असते. सेकंदाला 120 चौकटींच्या मंदगती चित्रणाला मात्र भारतात या दिव्यांखाली उपाय नाही, कारण तेथे शटर 1/120 सेकंदापेक्षा अधिक काळ उघडे राहूच शकत नाही; अशा वेळी दिवेच बदलावे लागतात. इलेक्ट्रॉनिक चोकची नळी सेकंदाला हजारो वेळा स्पंदते, म्हणून ती सहसा त्रास देत नाही.

दिवाळीच्या स्वस्त एलईडी माळांची गोष्ट आणखी वेगळी. त्यांतील काही माळा प्रवाहाच्या एकाच दिशेला पेटतात, म्हणजे सेकंदाला 50 वेळाच. त्यामुळे नळीखाली निर्दोष ठरलेले 1/100 शटर तेथे फसते आणि 1/50 चालते. चित्रणापूर्वी पांढऱ्या भिंतीवर कॅमेरा रोखून निदान अर्धा मिनिट चाचणी घ्यावी, आणि ती मोबाइलच्या पडद्यावर नव्हे, मोठ्या पडद्यावर पाहावी.