सिपना नावाची कूळकथा

परतवाड्याहून धारणीकडे निघालेला रस्ता घाट उतरून सेमाडोहला पोचला की सिपना भेटते. चिखलदरा तालुक्यातले हे गाव तिच्याच काठावर आहे. पुढे कोलकासच्या विश्रामगृहाखालून वळसा घेऊन ती तापीच्या दिशेने निघून जाते. खंडू, खापरा, सिपना, गडगा आणि डोलार या मेळघाटच्या पाच नद्या, आणि पाचही तापीच्या ओटीत जाणाऱ्या. त्यांतल्या एकीच्याच नावाला मात्र माणसांत जागा मिळाली. सिपना हे मुलीचे नाव म्हणून दुर्मीळ आहे. वर्गाच्या हजेरीपटावर दुसरी सिपना असण्याची शक्यता जवळजवळ नाहीच. त्यामुळे हे नाव सांगणारीला पुढचा प्रश्न ठरलेला असतो: म्हणजे काय?

उत्तर कोरकू भाषेत आहे. कोरकूत सिपना म्हणजे साग, सागाचे झाड. सागाच्या रानातून वाहणारी म्हणून नदी सिपना झाली, आणि नदीवरून मुलगी.

उत्तर एका ओळीचे असले तरी त्यामागचा पल्ला फार लांबचा आहे. कोरकू ही मराठीची बोली नाही, हिंदीचीही नाही. शेजारच्या गोंडीशीसुद्धा तिचे रक्ताचे नाते नाही, कारण गोंडी द्राविडी कुळातली. कोरकू मुंडा गटातली. तिच्या सख्ख्या बहिणी संथाळी, मुंडारी आणि हो या इथून शेकडो कोस पूर्वेला, छोटा नागपूरच्या पठारावर नांदतात. मुंडा भाषांत सर्वांत पश्चिमेला येऊन राहिलेली हीच. वाघाला कोरकूत कुला म्हणतात, मुंडारीतही कुला. पान इकडे साकोम, तिकडे साकाम. ‘कोरो’ म्हणजे माणूस आणि ‘कू’ हा अनेकवचनाचा प्रत्यय. म्हणजे कोरकू या जमातीच्या नावाचा अर्थ नुसता ‘माणसे’ एवढाच. मुंडारीतला होरो आणि संथाळीतला होड हे याच कोरोचे भाऊबंद. आणखी मागे गेले तर हे सगळे कूळ ऑस्ट्रोआशियाई, ज्यात कंबोडियाची ख्मेर आणि व्हिएतनामची व्हिएतनामी भाषाही मोडते. अमरावतीच्या एखाद्या सिपनाला आपल्या नावाची भाषा हनोईतल्या भाषेची लांबची नातलग आहे, हे सांगितले तर ती हसेल. पण भाषाशास्त्राचा निर्वाळा तसाच आहे.

२०११च्या जनगणनेत कोरकू मातृभाषा सांगणारे सुमारे ७ लाख २७ हजार लोक नोंदले गेले. महाराष्ट्रात ते मुख्यतः धारणी आणि चिखलदरा तालुक्यांत, तर मध्य प्रदेशात बैतूल, खंडवा, बुऱ्हाणपूर, हरदा या पट्ट्यात आहेत. जॉन ड्रेक या मिशनऱ्याने १९०३ मध्ये या भाषेचे व्याकरण इंग्रजीत छापले. ग्रियर्सनच्या भाषिक सर्वेक्षणात मुंडा भाषांच्या खंडात तिला जागा मिळाली. तेव्हा तिचे नाव ‘कुरकू’ असे लिहीत. इतक्या वर्षांच्या शेजारात मराठीने कोरकूकडून फार काही घेतलेले नाही. देणेच अधिक झाले. म्हणूनच कोरकू शब्द मराठी घरातल्या पाळण्यापर्यंत पोचावा, याचे मला नवल वाटते.

पण नदीला झाडाचे नाव मिळाले यात नवल नाही. ते का मिळाले, हे मेळघाटात पावसाळ्यात हिंडणाऱ्याला सांगावे लागत नाही. हे शुष्क पानझडी जंगल आहे आणि त्यात सत्ता सागाची. हातभर लांबीची खरखरीत पाने, पावसाळ्यात शेंड्यावर उभारलेले पांढुरके मोहर. कोवळे पान तळहातावर चोळले तर हात लाल होतो. रानातल्या पोरांना मेंदी विकत घ्यावी लागत नाही. पावसाळा सरता सरता पानांवर एका पतंगाच्या अळ्या पडतात. त्या पानातला हिरवा गर तेवढा खातात आणि शिरांची जाळी ठेवून देतात. मग ऐन हिरव्या दिवसांत डोंगरचे डोंगर तपकिरी दिसू लागतात आणि नवख्या माणसाला वाटते, वणवा लागून गेला की काय. झाड मात्र मरत नाही. लाकडातल्या तेलामुळे वाळवी सागाच्या वाटेला सहसा जात नाही, आणि नेमका हाच गुण त्याच्या मुळावर आला. जहाजे, पूल, इमारती यांसाठी इंग्रजांना साग हवा होता. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इथली जंगले राखीव झाली ती वाघासाठी नव्हे, या लाकडासाठी. वाघाची पाळी १९७४ मध्ये आली, तेव्हा मेळघाट देशातल्या पहिल्या ९ व्याघ्र प्रकल्पांत गणला गेला.

कोरकूंना साग बाजारासाठी लागत नव्हता. घराचे खांब त्याचे, पावसात डोक्यावर धरायला पाने त्याची. मृतांच्या स्मरणार्थ सिडोलीचा विधी करून लाकडी फळी उभारतात आणि तिच्यावर सूर्य, चंद्र, घोडेस्वार कोरतात. त्या फळीसाठीही टिकाऊ लाकूड म्हणून सागच हाताशी असतो. ज्या झाडाशिवाय घरही उभे राहत नाही आणि पूर्वजांची खूणही, त्याचे नाव काठावरच्या लोकांनी नदीला द्यावे हे रास्तच.

तरीही सिपनाला ‘चांगली’ व्युत्पत्ती मिळवून देण्याचा मोह होतोच. उज्जैनची क्षिप्रा किंवा शिप्रा ऐकायला जवळची, शिवाय पुराणातली, शिवाय मुलींचे रूढ नाव. दुसरा मोह सपनाचा. वेलांटी विसरणारा एखादा कारकून सिपनाची सपना करून टाकतो आणि पुढे दाखल्यांत दुरुस्त्या निघत राहतात. असा मोह वऱ्हाडला नवा नाही. चिखलदऱ्याला आपण कीचकाची दरी ठरवले, भीमाने कीचकाला मारून तिथे फेकल्याची जागाही दाखवतो. कथा रंगतदार आहे आणि गावाला तिचा अभिमान आहे, हे ठीक. पण सिपनाच्या बाबतीत असल्या उसनवारीची गरजच नाही. शब्द जिवंत आहे, त्याचा अर्थ रोजच्या वापरात आहे, आणि ती वस्तू नदीच्या दोन्ही काठांवर उभी आहे. यापेक्षा भक्कम पुरावा फार थोड्या नावांना लाभतो.

खुद्द कोरकूंच्या नावांत झाडांचे स्थान पहिल्या नावापेक्षा आडनावात अधिक आहे. कासदेकर, बेठेकर, जांबेकर, भिलावेकर, मावसकर ही आडनावे मतदारयादीत वाचली तर कोकणातली मंडळी घाटावर आली असे वाटेल. कोकणात ‘कर’च्या मागे गाव असते, मेळघाटात बहुधा गोत. कासदा, बेठे, जांबू ही कोरकूंची गोते. त्यांना ‘कर’ जोडून शाळेत आणि कचेरीत चालणारी आडनावे घडली. यांतली बरीच गोते झाडाझुडपांच्या नावांची आहेत. जांबू म्हणजे जांभूळ. लढाईतून पळालेले पूर्वज ज्या ज्या झाडामागे लपले त्या त्या झाडाचे गोत झाले, अशी कथा सांगतात. पराभवाची आठवण इतक्या निवांतपणे कुळाच्या नावात ठेवणारे लोक मला फार आवडतात. नाहीतर बाकी सगळ्यांचे पूर्वज जिंकलेलेच असतात.

रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांनी १९१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मध्य प्रांतातील जातिजमातींच्या ग्रंथात कोरकूंची उत्पत्तिकथाही आहे. विंध्य-सातपुड्याचा ओसाड मुलूख पाहून रावणाने महादेवाला तिथे वस्ती करण्याची विनंती केली. महादेवाने कावळ्याला तांबड्या मातीचे वारूळ शोधायला पाठवले आणि त्या मातीच्या दोन मूर्ती घडवल्या. इंद्राचे घोडे येऊन त्या तुडवीत. शेवटी महादेवाने मातीचाच एक कुत्रा करून त्याला राखणीला बसवले, तेव्हा कुठे पुरुष आणि स्त्री जिवंत झाली. त्यांची नावे मुला आणि मुलाई. कोरकूंच्या नामावळीतली ही पहिली दोन नावे. त्यांत ना नदी, ना झाड.

आता सिपना या नावातली खरी गंमत. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात कोणत्या नावाची मुलगी बायको करू नये याची यादी दिली आहे. नक्षत्राचे, झाडाचे, नदीचे, पर्वताचे, पक्ष्याचे, सापाचे नाव असलेली मुलगी वर्ज्य. म्हणजे सिपना एकाच शब्दात दोनदा नापास! अर्थात हा नियम महाराष्ट्राने कधी मनावर घेतल्याचे दिसत नाही. गंगा, यमुना, गोदावरी, कृष्णा, नर्मदा, चंद्रभागा, भागीरथी या नावांनी आपल्या चार पिढ्या भरल्या आहेत. वऱ्हाडात एखादी तापीबाईही असतेच. झाडांपैकी तुळस, चाफा, शेवंती, केतकी यांना मान मिळाला. फूल किंवा पावित्र्य असले की झाडाचे नाव चालते. इमारती लाकडाच्या झाडावरून मुलीचे नाव ठेवायला मराठी माणूस सहसा धजावला नसता. सागाबाई कोण म्हणणार? सिपना चालले, कारण ऐकणाऱ्याला त्यातले लाकूड दिसत नाही, पाणी दिसते.

हे नाव कानावर पडू लागले त्याला दोन गोष्टींचा हातभार लागला. एक वनखात्याची: मेळघाट व्याघ्र प्रकल्पाच्या विभागांपैकी एकाचे नाव सिपना वन्यजीव विभाग. दुसरी शिक्षणाची: अमरावतीत १९९९ मध्ये सिपना अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झाले आणि नदी कधी न पाहिलेल्या हजारो तरुणांच्या गुणपत्रिकेवर हा कोरकू शब्द छापला गेला. वऱ्हाडात ‘सिपना’ म्हटले की अनेकांना आज आधी कॉलेज आठवते, मग नदी. साग तर आठवतच नाही.

नाव उगमापासून असे दूर जाणे जगभर घडते. आयर्लंडमधली शॅनन नदी मुलींच्या नावात आली ती मुख्यतः अमेरिकेत गेलेल्या आयरिश घरांमुळे. स्कॉटलंडची क्लाइड पुरुषांची झाली. जॉर्डन नदीचे पाणी बाप्तिस्म्यासाठी युरोपात नेणाऱ्यांनी ते नाव मुलांना दिले. अमेरिकेत सामाजिक सुरक्षा खाते दरवर्षी नवजात मुलांच्या नावांची यादी जाहीर करते आणि एखादे नाव वर्षभरात निदान ५ बाळांना ठेवलेले असेल तरच ते यादीत येते. आपल्याकडे सरकार अशी यादी काढत नाही. काढली असती, तर अमरावती जिल्ह्यात सिपनाला ५ चा उंबरठा दरवर्षी ओलांडता आला असता का, याविषयी मला शंकाच आहे.

नाव म्हणून ते सोयीचे आहे. तीन अक्षरे, जोडाक्षर नाही, मराठी-हिंदीत सारखेच लिहिले जाते, लाडाने सिपू म्हणता येते. सिपनाच्या बहीण-नद्यांचे नशीब असे नाही. खंडूवर खंडोबाने आधीच हक्क सांगितला आहे, गडग्यात दगडांची रास आहे, आणि ‘खापरा, अभ्यासाला बस’ अशी हाक कोणती आई मारील? डोलारला मात्र संधी आहे. डोला हे घरगुती नाव तर तयारच आहे.