घडीव लोखंडाचें मोल : जपानांतील गोल्फच्या काठ्या

घडीव आणि ओतीव हे दोन शब्द मराठी कानांना नवे नाहींत. लोहार घडवितो आणि ओतारी ओततो. कोयता घडीव असतो, घंटा ओतीव असते, हें खेड्यांतील लहान मुलासही सांगावें लागत नाहीं. परंतु ह्याच दोन शब्दांवरून एका परदेशी खेळाच्या सामानाच्या बाजारांत अर्धशतकाहून अधिक काळ वाद चालू आहे. आणि जो खेळाडू तें सामान विकत घेतो, त्याला त्या वादाची किंमत रोख मोजावी लागते. तो खेळ गोल्फचा, आणि ती वस्तु म्हणजे जपानांत घडविलेली लोखंडी काठी.

पुण्यास येरवड्याकडे किंवा मुंबईस चेंबुराकडे गोल्फचें मैदान ज्यांनीं रस्त्यावरून पाहिलें असेल, त्यांना खेळाडूबरोबर जाणारी काठ्यांची लांब पिशवी आठवेल. त्या पिशवींत १४ हून अधिक काठ्या ठेवतां येत नाहींत. असा नियम अमेरिकेंत १९३८ मध्यें व ब्रिटनमध्यें १९३९ मध्यें झाला. त्यांपैकीं बहुधा निम्म्याहून अधिक काठ्यांचें डोकें लोखंडाचें, म्हणजे खरें पाहतां पोलादाचें, असतें आणि त्यांना 'आयर्न' असेंच नांव आहे. डोकें म्हणजे चेंडूवर बसणारें पातें. त्याच्या एका टोंकास नळी असते व तींत दांडा बसवितात. पात्याचें तोंड मागें कललेलें असतें. कल जितका अधिक, तितका चेंडू उंच चढतो आणि जवळ पडतो. एका काठीपासून पुढच्या काठीपर्यंत हा कल साधारणपणें तीन ते पांच अंशांनीं वाढतो व डोक्याचें वजन सुमारें सात ग्रॅमांनीं वाढतें. सात नंबरच्या काठीचें डोकें २७० ग्रॅमांच्या आसपास भरतें. हा संच म्हणजे एक जिनाच आहे. त्यांतील एक पायरी उंच आणि दुसरी ठेंगणी झाली, कीं चढणाराचा पाय चुकलाच.

जपानांत हा खेळ रुजविला तो आर्थर ग्रूम ह्या इंग्रज व्यापाऱ्यानें. कोबे बंदराच्या पाठीशीं रोक्को डोंगर आहे. त्यावर त्यानें १९०१ मध्यें चार खळग्यांचें लहानसें मैदान केलें आणि १९०३ मध्यें तेथें कोबे गोल्फ क्लब सुरू झाला. काठ्या अर्थात् विलायतेहून येत. कोबेच्या पश्चिमेस सुमारें ५० किलोमीटरांवर हिमेजी हें किल्ल्याचें गांव आहे. तेथील म्योचिन घराणें पिढ्यान् पिढ्या चिलखतें घडवीत असे. चिलखतांचे दिवस सरल्यावर ह्या घराण्यानें शेगडींतील निखारे हलविण्याच्या लोखंडी काड्या घडविल्या, आणि आज त्याच काड्या दोऱ्यांनीं टांगून केलेलीं, वाऱ्याबरोबर किणकिणणारीं झुंबरें प्रसिद्ध आहेत. जवळच मिकी हें सुतारांच्या हत्यारांसाठीं नांवाजलेलें गांव. अशा ह्या लोखंड जाणणाऱ्या मुलुखांत, हिमेजीच्या उत्तरेस असलेल्या इचिकावा गांवच्या परिसरांत, १९३० च्या सुमारास लोहारांनीं विलायती काठीचें डोकें पुढें ठेवून तसें घडवून पाहिलें. जपानी आयर्नचें जन्मस्थान म्हणून तें गांव आज आपली ओळख सांगतें. १९३३ मध्यें ओसाकाच्या मिझुनो कंपनीनें स्वदेशी काठ्या विक्रीस आणल्या. पुढें १९५७ मध्यें तोकिओजवळच्या कासुमिगासेकी मैदानावर कॅनडा कप ही जागतिक स्पर्धा झाली आणि तींत नाकामुरा व ओनो ह्या जपानी जोडीनें विजय मिळविला. तेव्हांपासून जपानांत ह्या खेळाचें जणूं वेडच पसरलें, आणि इचिकावाच्या भट्ट्यांना उसंत मिळेनाशी झाली.

येथें एक गैरसमज दूर केला पाहिजे. जपानी काठीची जाहिरात करणारे लोक सामुराईच्या तरवारीचें नांव घेतल्यावांचून सहसा राहत नाहींत. ऐकावयास तें गोड वाटतें. पण तरवार आणि काठी ह्यांच्या धातूंत जमीन-अस्मानाचें अंतर आहे. तरवारीचें पोलाद घड्या घालघालून ठोकलेलें आणि धार कठीण व्हावी म्हणून पाण्यांत विझवून पाणी दिलेलें असतें. काठीचें पोलाद मुद्दाम मऊ ठेवलेलें असतें. त्यांत कर्ब, म्हणजे कार्बन, शेंकडा पाव भागाच्या आसपास असतो. त्याला पाणी देत नाहींत आणि तें हातघणानेंही ठोकीत नाहींत. १८७६ मध्यें सामुराईसही तरवार लावून हिंडण्याची बंदी झाली, तेव्हां अनेक लोहार कोयते, विळे, सुऱ्या आणि रंधे ह्यांकडे वळले. वारशानें जें पुढें आलें तें तरवारीचें रहस्य नव्हे. शेजारीं शेजारीं राहणारे ठोकणारे, घासणारे, झिलई देणारे आणि मुलामा चढविणारे कारागीर, व त्यांची बारीक फरक ओळखणारी नजर, हा तो वारसा. तो तरवारीहून कमी मोलाचा आहे असें नाहीं.

घडाईची रीत अशी आहे. मऊ पोलादाची गोल कांब हातभर लांबीहून कमी तुकड्यांत कापतात. तुकडा भट्टींत केशरी-पिवळा होईपर्यंत, म्हणजे हजार अंश सेल्सियसच्या वर, तापवितात. मग तो पोलादी सांच्याच्या दोन अर्धांमध्यें ठेवून यांत्रिक घणाखालीं चेपतात. एका घावांत काम होत नाहीं. आधीं कांब वांकवावयाची, मग ओबडधोबड आकार आणावयाचा, मग पुन्हां तापवून नेमका आकार काढावयाचा. सांच्याच्या फटींतून बाहेर आलेला फाजील पदर कातरून टाकतात. घणाखालीं धातूचे कण दबून त्यांची रांग लांकडाच्या रेषांप्रमाणें डोक्याच्या आकारानें वळते, आणि ओतकामांत राहूं शकणाऱ्या हवेच्या बारीक पोकळ्या येथें राहत नाहींत.

येथपर्यंत सर्वांचें सारखें. पुढें घराण्या-घराण्यांचे पंथ निघतात. मिझुनोचीं डोकीं हिरोशिमा येथील कारखान्यांत घडतात, आणि नळीपासून पात्याच्या टोंकापर्यंत सारें एकाच कांबेंतून, एकसंध रेषेंत निघालें पाहिजे हा तेथील आग्रह. इचिकावाच्या परिसरांतील मिउरा घराण्याची रीत निराळी. तेथें पातें आधीं घडवितात आणि नळी मागाहून जोरानें फिरवून घर्षणाच्या उष्णतेनें जोडतात. त्यांचें म्हणणें असें कीं, त्यामुळें नळीचें केंद्र प्रत्येक डोक्यांत एकाच जागीं येतें. तिसरें ठिकाण उत्तरेकडील निइगाता प्रांतांतील त्सुबामे. हें गांव पूर्वीं खिळे ठोकीत असे, नंतर सुऱ्या-कांटे-चमचे करूं लागलें. तेथील एंदो कारखान्यानें अनेक प्रसिद्ध कंपन्यांसाठीं डोकीं घडविलीं आहेत. तिन्ही ठिकाणांचा माल उत्तम मानला जातो, ह्यावरून रीत एकच खरी असें म्हणतां येत नाहीं हें उघड आहे.

आतां मुख्य प्रश्नाकडे वळावें. घडीव काठीनें चेंडू चांगला जातो काय? खेळाडूंचा सार्वत्रिक समज असा कीं, मऊ पोलादाचा स्पर्श लोण्यासारखा असतो. परंतु चेंडू आणि पातें ह्यांची भेट सेकंदाच्या सुमारें दोन-हजारांशाइतकाच वेळ टिकते. हातांतली जाणीव मेंदूपर्यंत पोंचण्यापूर्वींच चेंडू निघून गेलेला असतो. शिवाय पोलाद मऊ असो कीं कठीण, दाबाखालीं लवून परत येण्याचा त्याचा गुण जवळजवळ सारखाच असतो. मऊपणा कळतो तो कानशीनें घासतांना किंवा वांकवितांना, क्षणिक टोल्यांत नव्हे. मग खेळाडूला काय जाणवतें? इंग्लंडमधील लफबरो विद्यापीठांतील अभ्यासांत असें दिसून आलें कीं, खेळाडू ज्याला स्पर्श म्हणतो त्याचा टोल्याच्या आवाजाशीं फार निकटचा संबंध असतो. आणि आवाज हा धातूपेक्षां डोक्याच्या घाटावर, कोठें जाड व कोठें पातळ ह्यावर, अधिक अवलंबून असतो. ज्या मुलुखांत लोखंडी काड्यांचीं झुंबरें वाजतात, तेथील कारागिरांना हें नवल वाटूं नये.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. कार्स्टन सोल्हाइम ह्या अमेरिकन अभियंत्यानें मेणाच्या सांच्यानें ओतलेल्या काठ्या प्रचारांत आणल्या. ओतकामांत वजन कडेकडेला नेऊन मध्यें पोकळी ठेवणें सोपें जातें, आणि तशा पात्यावर चेंडू जरा चुकीच्या जागीं लागला तरी फारसा वांकडा जात नाहीं. नवशिक्याला अशी ओतीव काठी अधिक उपकारक ठरते, हें कोणत्याही घडीव काठीच्या भक्तानें मान्य करावें. शिवाय नुसत्या 'फोर्ज्ड' ह्या छापावर विसंबण्यांत अर्थ नाहीं. आधीं ओतून मग एकदांच दाबलेलें डोकें किंवा फक्त तोंडाचा पत्रा घडीव असलेलें डोकेंही त्या नांवानें विकलें जातें.

तर मग घडीव जपानी काठीचें मोल कशांत आहे? सांच्यांतून निघालेलें डोकें ओबडधोबड व जड असतें. तें घासणाऱ्याच्या हातीं जातें. त्याच्यासमोर फिरणारा खरखरीत पट्टा, हातांत डोकें, बाजूस तराजू. तो घासतो, तोलतो, डोळ्यांसमोर धरून कड पाहतो, पुन्हां घासतो. तळाची गोलाई, नळी पात्याला मिळते तेथील वळण, वरच्या कडेची जाडी, हें सारें त्याच्या हाताचें. दोन ग्रॅम अधिक घांसले गेले, तर काठी तोलण्यांत एका मात्रेचा फरक पडतो आणि निष्णात खेळाडूला तो समजतो. आठ डोकीं एकाशेजारीं एक ठेवलीं, तर आकार हळूहळू, न अडखळतां बदलत गेला पाहिजे. पहिल्या आणि आठव्या डोक्याची आई एकच दिसली पाहिजे. काम धुळीचें, गोंगाटाचें, आणि शिकण्यास वर्षें लागणारें. वर चढणारा निकेल-क्रोमचा मुलामा इतका पातळ असतो कीं खालचा ओरखडा तो झांकीत नाहीं, उलट चमकवून दाखवितो. म्हणून झिलई आधींच निर्दोष व्हावी लागते.

मऊ पोलादाचा खरा उपयोगही येथेंच कळतो. प्रत्येक माणसाची उंची, हातांची लांबी आणि उभें राहण्याची ढब वेगळी. घडीव डोकें पकडींत धरून त्याची मान एक-दोन अंशांनीं वांकवितां येते. बऱ्याच ओतीव गंजरोधक पोलादाचें डोकें इतकें वांकत नाहीं, कधीं मोडतें. दांडा जमिनीशीं जो कोन करतो तो खेळाडूस न जुळला, तर चेंडू नेमानें एका बाजूस जातो. मग हात कितीही चांगला असो. मऊ धातु हा लोण्यासारख्या स्पर्शासाठीं नव्हे, तर माणसाप्रमाणें काठी जुळवून घेण्यासाठीं मोलाचा आहे.

जपानांत चांगल्या घडीव संचास लाख-दीड लाख येनांच्या पुढें किंमत सहज पडते, आणि परदेशांत त्याहून अधिक. त्या पैशाचा कितवा हिस्सा घासणाऱ्याच्या घरीं जातो, हा विचार करण्यासारखा विषय आहे. कित्येक दशकें इचिकावा आणि त्सुबामे येथील कारागीर दुसऱ्यांच्या नांवानें काम करीत आले. पात्याच्या पाठीवर कंपनीचें नांव, जाहिरातींत विजयी खेळाडूचें छायाचित्र, आणि ज्यानें तें घासलें त्याचा पत्ता कोठेंच नाहीं. १९९० नंतर जपानची भरभराट ओसरली, खेळणारे घटले, आणि ओतीव डोक्यांचें काम चीन-तैवानकडे वळलें. लहान कारखान्यांना त्याची मोठी झळ लागली. कात्सुहिरो मिउरा ह्यांच्यासारख्यांनीं पात्यावर स्वतःचें नांव कोरून विकण्याचा मार्ग धरला आणि एंदोनेंही 'एपॉन' ह्या नांवानें आपला माल बाजारांत आणला. इचिकावा गांवानें तर, बाहेरगांवचे लोक गांवास जी कर-देणगी देतात, तिच्या परतभेटींत तेथें घडलेल्या काठ्या ठेवल्या आहेत. आपलें नांव आपल्या कामावर असणें, ही गोष्ट किमतींत मोजली जाऊं लागली ती आतांशा.

जो ही काठी घेईल, त्यानें आधीं आपली उंची व टोला जाणत्या दुकानदाराकडून मोजून घ्यावा आणि कल व कोन कागदावर लिहून ठेवावे. मऊ पोलाद जसें हवें तसें वांकतें, तसें तें न विचारतांही थोडें थोडें वांकत जातें. कठीण जमिनीवर वर्षभर टोले बसले, कीं एखाद्या काठीचा कल अंशभर सरकतो, आणि अंशभर म्हणजे चेंडू दोन-तीन यार्ड मागेंपुढें. म्हणून वर्षांतून एकदां संच पुन्हां पकडीवर चढवून तपासावा. पात्याला बारीक खड्डे पडतील आणि ओलाव्यानें मुलाम्याच्या चिरेंतून गंजही येईल, तेव्हां प्रत्येक फेरीनंतर तें कोरड्या फडक्यानें पुसून ठेवावें.