धरणातली आवक मोजतात कशी?

पावसाळ्यात कोयना धरणाची बातमी तीन आकड्यांशिवाय पुरी होत नाही: पाणीसाठा, विसर्ग आणि आवक. पातळी वाचून त्या पातळीला किती पाणी मावते हे तक्त्यात पाहिले की साठा कळतो. विसर्ग काढायला दरवाजे किती उचललेत आणि पातळी किती आहे, एवढे पुरते. आवक थेट मोजणे मात्र अवघड. नदी, ओढे, डोंगरउतार आणि जलाशयावर कोसळणारा पाऊस, सगळीकडून पाणी येत असते.

म्हणून आवक हिशेबाने काढतात. साठ्यात पडलेली भर अधिक बाहेर गेलेले पाणी म्हणजे आवक. समजा, सहा तासांत साठा 1 टीएमसीने, म्हणजे 100 कोटी घनफुटांनी वाढला. त्याला 21,600 सेकंदांनी भागले की सुमारे 46,300 क्युसेक, म्हणजे सेकंदाला तितके घनफूट, येतात. त्याच वेळी 10 हजार क्युसेक विसर्ग चालू असेल, तर आवक झाली 56,300 क्युसेक. कोयनेत बोगद्यांतून पश्चिमेकडे वीजनिर्मितीसाठी जाणारे पाणीही यात धरावे लागते.

खरी गोम पातळीच्या वाचनात आहे. 100 चौरस किलोमीटर पसरलेल्या जलाशयात एक सेंटिमीटर म्हणजे 10 लाख घनमीटर पाणी. वाऱ्याने लाटा उसळल्या आणि वाचन एवढेच चुकले, तरी तासाभराच्या आवकेत जवळपास 10 हजार क्युसेकचा फरक पडतो. गाळाने साठवण घटली आणि तक्ता जुनाच राहिला, तर हिशेब आणखी बिघडतो. जास्त तासांची सरासरी घेतली की चूक विरळ होते. पण पूर चढत असताना तेवढी उसंत नसते.

शिवाय हा आकडा येऊन गेलेल्या पाण्याचा असतो. पुढच्या काही तासांत काय येणार, हे महाबळेश्वर, नवजा आणि कोयनानगरच्या पावसावरून आधी उमगते. पाणलोटातली पर्जन्यमापके चोख चालणे आणि गाळाची पाहणी वेळेवर होऊन तक्ते सुधारणे, ही कामे उन्हाळ्यातच उरकायला हवीत. पाटण, कराड, सांगलीच्या नदीकाठाला घरे सोडायला किती तास मिळतील, ते याच कामांवर ठरते.