टाके सुकले, तरी मूल रुग्णालयातच?

मेंदूत साचलेले पाणी पोटात सोडणारी नळी (शंट) बसवलेले मूल बहुधा थोड्याच दिवसांत घरी जाते. मग दुसरे कित्येक आठवडे का अडकते, असे आम्हांला विचारतात. आपण टाके पाहतो. अडचण पुष्कळदा नळीत असते. तिच्यावर जिवाणू चिकट थर धरतात, तिथे प्रतिजैविके पुरेशी पोचत नाहीत. मग नळी काढायची, पाणी तात्पुरते बाहेर वाहू द्यायचे, ते जंतुरहित झाले की नवी नळी! ब्रिटन-आयर्लंडमधील चाचणीत (२०१९) साध्या नळ्यांनी सुमारे ६ टक्के, तर प्रतिजैविक मुरवलेल्या नळ्यांनी २ टक्के रुग्णांना संसर्ग झाला. असे मूल वर्गात परतल्यावर डोकेदुखी, उलट्या, पेंग दिसली, तर तो अभ्यासाचा कंटाळा समजू नये. नळी तुंबलेली असू शकते. त्याच दिवशी डॉक्टरांकडे पाठवावे.