वॉटर पोलो प्रशिक्षक : विहिरीपासून विद्यापीठापर्यंतची वाटचाल

हिंगोली जिल्ह्यातील जुन्या पिढीतील अनेकांनी पोहण्याचे पहिले धडे गावच्या विहिरीतच गिरविले. पाठीला वाळलेला भोपळा किंवा पांगाऱ्याचा हलका ओंडका बांधावयाचा, कमरेच्या दोराचे टोक काठावरील वडीलधाऱ्यांच्या हाती द्यावयाचे आणि पाण्यात उडी घ्यावयाची, अशी ती रीत होती. काठावरच्या त्या गुरूला पद नव्हते, वेतन नव्हते. परंतु मूल पाण्यातून सुखरूप वर येईल याची संपूर्ण जबाबदारी त्याचीच असे. आज जलक्रीडेच्या प्रशिक्षणाला शास्त्राची आणि पात्रतेची जोड मिळाली आहे. तथापि या जबाबदारीचे स्वरूप मात्र बदललेले नाही.

१ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्याचे विभाजन होऊन हिंगोली जिल्हा अस्तित्वात आला. पैनगंगा, पूर्णा आणि कयाधू या येथील प्रमुख नद्या. औंढा नागनाथ तालुक्यात सिद्धेश्वर धरण आहे, तर कळमनुरीच्या बाजूस इसापूर धरणाचा विस्तीर्ण जलाशय पसरलेला आहे. अशा जिल्ह्यातील एखाद्या उत्तम पोहणाऱ्या विद्यार्थ्याने महाविद्यालयात वॉटर पोलोचा प्रशिक्षक होण्याचे ठरविले, तर त्याला कोणत्या मार्गाने जावे लागेल, हा प्रश्न शिक्षकांपुढे आणि पालकांपुढे येऊ शकतो. त्याचे उत्तर नीट समजून घेतले नाही, तर उमेदीची काही वर्षे वाया जाण्याचा संभव असतो.

खेळाचे स्वरूप

वॉटर पोलो हा खेळ एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ब्रिटनमध्ये आकारास आला. ऑलिंपिकमध्ये पुरुषांसाठी तो १९०० मध्ये व महिलांसाठी २००० मध्ये समाविष्ट झाला. प्रत्येक संघाचे गोलरक्षकासह सात खेळाडू पाण्यात असतात. सामना आठ मिनिटांच्या चार डावांचा असून गोलखांब परस्परांपासून तीन मीटर अंतरावर असतात. गोलरक्षकाखेरीज इतरांना चेंडू एका वेळी एकाच हाताने हाताळावा लागतो आणि तलावाच्या तळाला पाय टेकून खेळता येत नाही.

या शेवटच्या नियमातच खेळाचे मर्म आहे. ताक घुसळणाऱ्या रवीप्रमाणे दोन्ही पाय आळीपाळीने गोलाकार फिरवून शरीर पाण्यावर उभे तोलावयाचे व हात मोकळे ठेवावयाचे, हे या खेळाचे मूलभूत कौशल्य होय.

या खेळात भारताची परंपरा नगण्य नाही. १९४८ च्या लंडन व १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये भारतीय संघ उतरला होता. आशियाई क्रीडा स्पर्धांत भारताने १९५१ मध्ये सुवर्ण, १९७० मध्ये रौप्य व १९८२ मध्ये कांस्यपदक मिळविले. १९५१ च्या नवी दिल्ली येथील स्पर्धेत शंभर मीटर मुक्त शैलीचे सुवर्णपदक जिंकणारे सचिन नाग हे दोन्ही ऑलिंपिक संघांतून वॉटर पोलोही खेळले होते.

पदाचे खरे नाव

अमेरिकेत, विशेषतः कॅलिफोर्निया राज्यात, अनेक महाविद्यालये वॉटर पोलोसाठी स्वतंत्र प्रशिक्षक नेमतात. तेथे पुरुषांची राष्ट्रीय महाविद्यालयीन स्पर्धा १९६९ पासून भरते. खेळाडू प्रथम साहाय्यक प्रशिक्षक होतो व अनुभवाने मुख्य प्रशिक्षक बनतो. आपल्याकडील व्यवस्था निराळी आहे. संलग्न महाविद्यालयांत एकेका खेळासाठी स्वतंत्र कायम प्रशिक्षक नसतो. पद असते ते शारीरिक शिक्षण व क्रीडा संचालकाचे. कबड्डीपासून जलतरणापर्यंत सर्व खेळांची धुरा त्यालाच वाहावी लागते. ज्याला महाविद्यालयात राहून वॉटर पोलो शिकवावयाचा आहे, त्याने प्रथम या पदाची पात्रता मिळविणे आणि त्याबरोबरच जलक्रीडेत विशेष प्रावीण्य संपादणे, हाच व्यवहार्य मार्ग ठरतो.

पात्रतेच्या पायऱ्या

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनुसार या पदासाठी शारीरिक शिक्षणातील पदव्युत्तर पदवी किमान ५५ टक्के गुणांसह आवश्यक असते. त्याशिवाय नेट किंवा सेट परीक्षा उत्तीर्ण होणे अथवा विहित पद्धतीने पीएच.डी. मिळविणे, आंतरमहाविद्यालयीन, आंतरविद्यापीठ, राज्य वा राष्ट्रीय स्पर्धेत प्रतिनिधित्व केलेले असणे आणि शारीरिक क्षमता चाचणी पार करणे आवश्यक असते. तीस वर्षांपर्यंतच्या पुरुष उमेदवाराला या चाचणीत बारा मिनिटांत १,८०० मीटर, तर त्याच वयोगटातील महिलेला आठ मिनिटांत १,००० मीटर अंतर कापावे लागते.

वर्षांचा हिशेब मांडला तर बारावीनंतर तीन वर्षांची पदवी, दोन वर्षांची बी.पी.एड. व दोन वर्षांची एम.पी.एड. अशी सात वर्षे लागतात. याच काळात खेळाडू म्हणूनही नाव कमवावे लागते. हिंगोलीची महाविद्यालये नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या कक्षेत येतात. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा, विद्यापीठाचा संघ आणि भारतीय विद्यापीठ संघाच्या आंतरविद्यापीठ स्पर्धा अशी ही चढती कमान आहे. प्रतिनिधित्वाचे प्रमाणपत्र पुढे निवडीच्या वेळी उपयोगी पडत असल्याने ते पहिल्या वर्षापासूनच जपून ठेवावे.

शिकविण्याचे तंत्र आत्मसात करण्यासाठी पतियाळा येथे १९६१ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेची प्रशिक्षण पदविका महत्त्वाची मानली जाते. विदर्भात अमरावतीचे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून शारीरिक शिक्षणाच्या क्षेत्रात कार्यरत आहे. मराठवाड्याच्या विद्यार्थ्याला ते तुलनेने जवळचे केंद्र होय.

अन्य वाटा

महाविद्यालयांतील कायम पदे मोजकी असतात आणि पात्रता मिळताच नेमणूक होईलच असे नाही. काही वर्षे तासिका तत्त्वावर किंवा तरणतलावावर हंगामी प्रशिक्षक म्हणून काढावी लागतात. ही बाब तरुणांपासून लपवून ठेवणे हिताचे नाही. मात्र वाट एकच नाही. सेनादल व रेल्वे यांचे संघ राष्ट्रीय वॉटर पोलोत बलाढ्य मानले जातात आणि तेथे खेळाडूला नोकरीची संधी असते. राज्य शासनाच्या सेवेत विहित पातळीवरील गुणवान खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे. क्रीडा विभागातील क्रीडा अधिकारी व क्रीडा मार्गदर्शक ही पदेही या शिक्षणाच्या आवाक्यात येतात. जलतरण तलावांना प्रशिक्षित जीवरक्षकांची गरज असतेच.

जिल्ह्याच्या दृष्टीने महत्त्व

जेथे प्रत्येक गावी तरणतलाव नाही, तेथे या खेळाचा विचार कशासाठी करावयाचा, अशी शंका घेतली जाईल. तिचे उत्तर विहिरी, शेततळी आणि जलाशय यांच्या काठावर मिळते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ मध्ये जगभरात सुमारे तीन लाख व्यक्ती बुडून मृत्युमुखी पडल्या. त्यांतील बहुसंख्य अल्प व मध्यम उत्पन्नाच्या देशांतील होत्या. त्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांनी २५ जुलै हा बुडण्यापासून बचावाचा जागतिक दिन म्हणून घोषित केला.

हात मोकळे ठेवून पाण्यावर तोलून राहणे, डोके वर ठेवून पोहणे आणि थकल्यावरही न घाबरणे, ही वॉटर पोलोची कौशल्ये जीवरक्षणासही तितकीच उपयुक्त आहेत. सक्षम प्रशिक्षकाच्या हाताखालून जाणारा प्रत्येक विद्यार्थी राष्ट्रीय खेळाडू होणार नाही. परंतु तो आपल्या गावी पाण्याविषयीचे भान घेऊन जाईल. हा लाभ पदकांच्या तक्त्यात दिसत नाही, म्हणून तो कमी मोलाचा ठरत नाही.

तथापि सरावासाठी धरण वा विहीर निवडणे धोक्याचे आहे. गाळ, वनस्पती आणि अचानक वाढणारी खोली यांमुळे तेथे पट्टीचा पोहणाराही संकटात सापडतो. या खेळाला सुमारे दोन मीटर खोलीचे, स्वच्छ व देखरेखीखालील पाणी हवे. नवशिक्यांनी मात्र उथळ पाण्यातच आरंभ केला पाहिजे.

या कामी पंचायतींना व शाळांना पुष्कळ काही करता येईल. उघड्या विहिरींना कठडे बांधणे, शेततळ्यांना कुंपण घालून काठावर दोर व हवा भरलेली ट्यूब ठेवणे आणि पोहता न येणाऱ्या मुलांची शाळानिहाय नोंद करणे, ही कामे फारशी खर्चाची नाहीत. बुडणाऱ्याला वाचविण्यासाठी स्वतः उडी न घेता आधी दोर फेकावा, ही शिकवण प्रत्येक विद्यार्थ्याला दिली जावी. शिक्षकांनी पाण्याची आवड असलेला विद्यार्थी वेळीच हेरून त्याला महाविद्यालयाच्या क्रीडा संचालकांशी जोडून दिले, तर त्याची सात वर्षांची वाटचाल योग्य दिशेने सुरू होईल.

विहिरीच्या काठावर दोर धरून उभ्या राहणाऱ्या त्या जुन्या गुरूचे काम पुढे चालविण्यासाठी आज प्रशिक्षित हातांची गरज आहे. ते हात या जिल्ह्यातूनच तयार व्हावेत, यातच या प्रयत्नांचे सार्थक आहे.